रानबेऱ्यांचा तपासणी अहवाल : कोणता आकडा धरायचा?

प्रश्न : डोंगरउतारावरच्या रानबेऱ्यांचा नमुना आमच्या गटाने दोन प्रयोगशाळांना दिला. एकीचा ‘एकूण फिनॉलिक’चा (फळाला रंग, तुरटपणा देणाऱ्या, अँटिऑक्सिडंट मानल्या जाणाऱ्या घटकांचा) आकडा दुसरीच्या जवळपास सहापट आला. खरा कोणता? खरेदीदार तर फक्त ‘अँटिऑक्सिडंट किती’ एवढंच विचारतो.

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. आकड्यापुढचं एकक आधी वाचा. ताज्या बेरीत साधारण ८० ते ८५ टक्के पाणी असतं. एकीने ओल्या वजनावर आणि दुसरीने वाळवलेल्या पुडीवर हिशेब केला असेल, तर तेच फळ पाच-सहापट ‘भारी’ दिसतं. अहवालावर ‘ताजं वजन’ की ‘कोरडं वजन’ हे लिहिलेलं नसेल, तर लेखी विचारून घ्या आणि नमुन्यातला पाण्याचा अंशही मागा. तोपर्यंत तो आकडा कोणाला दाखवू नका.

दुसरी गोष्ट, ‘एकूण फिनॉलिक’ हा ढोबळ अंदाज असतो. ही चाचणी बहुधा फोलिन-सिओकाल्टो द्रावणाने होते. अर्कात ते मिसळलं की निळा रंग येतो आणि जितका गडद निळा, तितका आकडा मोठा. पण तो रंग फिनॉलिक घटकांखेरीज क जीवनसत्त्वामुळेही येतो. सी बकथॉर्न या नारिंगी रानबेरीसारख्या, क जीवनसत्त्व भरपूर असलेल्या फळाचा आकडा त्यामुळे फुगतो.

आता खरेदीदाराचा प्रश्न. अँटिऑक्सिडंटसाठीच्या डीपीपीएच चाचणीत जांभळं द्रावण फिकं पिवळं पडतं, आणि रंग किती उतरला हे मोजतात. हे झालं परीक्षानळीत. फळ खाल्ल्यावर पचनात त्याच घटकांचं काय होतं, त्यातलं रक्तात किती उतरतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच ‘ओरॅक’ (परीक्षानळीतल्या आणखी एका अँटिऑक्सिडंट चाचणीच्या) मूल्यांची यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध लावता येत नाही आणि कंपन्या जाहिरातीत ते भलतेच वापरतात, हे कारण होतं. तेव्हा वेष्टनावर असा आकडा छापू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग मागायचं काय? घटकवार तपासणी. एचपीएलसी यंत्रात अर्कातले घटक एकेक करून सुटे होतात आणि प्रत्येकाचं शिखर आलेखावर उमटतं. लाल-जांभळ्या फळात अँथोसायनिन, पिवळ्या-नारिंगीत कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं, शिवाय क्वेर्सेटिनसारखे फ्लेव्होनॉल आणि क्लोरोजेनिक आम्ल हे फिनॉलिक घटक, हे नावानिशी आणि प्रमाणासह मिळायला हवं. बिलबेरी या युरोपातल्या निळ्या-जांभळ्या रानबेरीत पंधरा अँथोसायनिन ठरावीक प्रमाणात सापडतात. ती तिची ओळखच आहे. बिलबेरीच्या अर्कात अमरंथ नावाचा गडद लाल कृत्रिम रंग मिसळल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. नुसती रंगाची तीव्रता मोजून ती भेसळ निसटत होती, एचपीएलसीच्या आलेखात मात्र उघडी पडली. जाणकार खरेदीदार आलेख मागतो तो यासाठी.

पण यंत्र कितीही चांगलं असो, नमुनाच बिघडलेला गेला तर काय उपयोग? बहुतेक घोळ इथेच होतो. तोडणीच्या वेळी टपोरी, चकचकीत फळं तेवढी वेचू नका. उन्हातल्या आणि सावलीतल्या बऱ्याच झुडपांवरून, एकाच पक्वतेची फळं घेऊन एकत्र करा. अर्धवट रंगलेलं फळ मिसळलं की अँथोसायनिन खाली येतं. फळ चेंगरू देऊ नका. गर फुटला की त्यातली विकरं (एन्झाइम) हवेच्या संपर्कात येऊन काम सुरू करतात आणि तपकिरी पडलेल्या फळात तुम्ही शोधताय तेच घटक मोडतात. उन्हात वाळवून पाठवणं तर नकोच. बर्फाच्या पेटीतून आणा, त्याच दिवशी उणे २० अंशांवर गोठवा आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वितळू देऊ नका. पिशवीवर तारीख, उंची आणि उताराची दिशा लिहा. सोबत पानं-फळं असलेली एक फांदी कागदात दाबून ठेवा आणि वनस्पतितज्ज्ञाकडून जात पक्की करून घ्या. जातच चुकली तर अहवाल रद्दीत.

प्रश्न : जितकं उंचावरचं फळ, तितकं गुणकारी, हे खरं का?

उत्तर : सरसकट नाही. तीव्र अतिनील किरणं आणि थंड रात्री यांमुळे अनेक झाडांत फ्लेव्होनॉइड (फिनॉलिक घटकांचाच एक गट) वाढतात. पण जात, पाऊस, पक्वता यांचा फरक कधी कधी उंचीच्या फरकाला गिळून टाकतो. किमान दोन हंगामांचे नमुने हाती असल्याशिवाय तसा दावा करू नका.

प्रश्न : तपासणीत चांगले घटक निघाले, तर लगेच रस काढून विकायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. चांगले घटक मोजून काम अर्धंच होतं. वाईट घटक कोणी मोजले? १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात रानटी एल्डरबेरीचा कच्चा रस पिऊन काही जण आजारी पडले. फळांबरोबर पानं आणि फांद्याही चेचल्या गेल्या होत्या, आणि त्या झाडात सायनाइड हे विष सोडणारे ग्लायकोसाइड (साखर जोडलेले घटक) असतात. म्हणून रस काढण्याआधी देठ, पानं, कच्ची फळं निवडून काढा. प्रयोगशाळेला अर्ज देतानाच त्या जातीत शंका असलेल्या विषारी घटकांची तपासणी जोडून मागा. फळं बियांसकट वाटून रस काढणार असाल तर बियांचा नमुना वेगळा द्या.