मोठा वेस्ट-टू-एनर्जी (कचरा जाळून वीज करणारा) प्लांट उभारताना शेड्यूलसाठी सॉफ्टवेअर म्हणून प्रायमाव्हेरा घ्यावं की एमएस प्रोजेक्ट?

प्रायमाव्हेरा. हजारो ॲक्टिव्हिटी आणि सिव्हिल, बॉयलर, टर्बाइन, फ्लू गॅस (धूर साफ करणारे) असे वेगवेगळे कंत्राटदार असतील तर दुसऱ्या कशाच्या नादी लागू नका. पण शेड्यूल कशात काढलंय यापेक्षा उशीर कुणाच्या माथी मारला जातो ते बघा. तो कायम कमिशनिंगवाल्याच्या, म्हणजे उभा झालेला प्लांट चालू करून देणाऱ्याच्या, माथी बसतो, कारण रांगेत शेवटचा तोच. मी तोच आहे, म्हणून लिहितोय.

एका साइटवर बंकरच्या (कचरा साठवायच्या खड्ड्याच्या) खोदाईत पाणी लागलं, सिव्हिल रखडलं, त्यामागे बॉयलरचं इरेक्शन रखडलं. पहिल्या फायरिंगची तारीख मात्र हलेना, पाहुणे ठरलेले होते ना! आढावा बैठकीत प्लॅनिंगच्या साहेबांनी पडद्यावर रिफ्रॅक्टरी ड्राय-आउटचा (भट्टीचं आतलं उष्णतारोधक अस्तर सुकवायच्या कामाचा) बार माउसने धरला आणि सरळ निम्मा केला. म्हणाले, "नुसतं गरमच तर करायचंय."

नुसतं गरम! कास्टेबलमधलं, म्हणजे काँक्रीटसारखं ओतलेल्या त्या अस्तरातलं, मोकळं पाणी शंभर अंशांच्या आसपास निघतं, पण सिमेंटने धरलेलं पाणी पुढे कित्येक शे अंशांपर्यंत निघत राहतं. म्हणून ताशी ठरावीक अंशच चढवायचे आणि मधे मधे तापमान तासन्‌तास धरून ठेवायचं. घाई केली की वाफेला वाट मिळत नाही आणि अस्तर आतून फुटतं. मी लेखी विरोध नोंदवला. मिनिट्समध्ये 'कमिशनिंग टीमचा सूर नकारात्मक' असं आलं.

समारंभ झाला, फोटो निघाले. थंड झाल्यावर मॅनहोल उघडलं तर ग्रेटवर (कचरा जळतो त्या जाळीवर) तळहाताएवढ्या खपल्यांचा सडा, आणि वर बॉयलरच्या पहिल्या पासच्या (धुराच्या पहिल्या मार्गाच्या) भिंतीत अस्तर धरणारे अँकर उघडे पडलेले. तोडा, पुन्हा ओता, पुन्हा सुकवा, आणि आता पुरवठादाराने दिलेल्या तापमानाच्या कर्व्हप्रमाणे. वाचवले त्याच्या कितीतरी पट दिवस गेले. शेड्यूलमध्ये त्याचं नाव काय पडलं, तर 'अनपेक्षित दुरुस्ती'.

तेव्हा हायड्रो टेस्ट (बॉयलरची पाण्याच्या दाबाने चाचणी), ड्राय-आउट आणि स्टीम ब्लोइंगचे (वाफ सोडून पाइप साफ करायचे) कालावधी सुरुवातीलाच लॉक करून घ्या, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. कचरा स्वीकारायची तारीखही वेगळी बांधा. बंकरात पडून राहिलेला कचरा तापतो, पेट घेतो. कचरा उचलणारी ग्रॅब क्रेन आणि बंकरची अग्निशमन यंत्रणा चालू झाल्याशिवाय एक ट्रक आत घेऊ नका. सहाय्यक बर्नरचंही तेच. युरोपीय नियमांत धूर किमान 2 सेकंद 850 अंशांवर राहावा लागतो, आणि बर्नरशिवाय सुरुवातीला ते जमत नाही.

हल्ली लवकर सुकणारी कास्टेबल मिळतात, त्यांना वेळ कमी लागतो हे खरं. पुरवठादार लेखी देत असेल तर जरूर कमी करा. आणि हो, एकच टर्नकी कंत्राट (सगळं काम एकाकडेच) असेल, तुम्हाला मालकाच्या बाजूने फक्त पाठपुरावा करायचा असेल, तर एमएस प्रोजेक्टवरही भागेल. मात्र कंत्राटदाराकडून दर महिन्याला मूळ फाइल मागून घ्या. पीडीएफमध्ये कुठला बार कधी आखडला ते कळत नाही.