क्रोशेला आर्ट म्हणायचं की क्राफ्ट? फरक नक्की काय?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षं क्रोशे करताय, आता एक मोठं वॉल हँगिंग केलंय, आणि मैत्रीण म्हणते हे क्राफ्ट आहे, आर्ट नाही, तर फरक काय आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणायचं का. मी सांगलीत क्रोशेचे क्लास घेते आणि माझं माहेर माण तालुक्यातलं, सनगराचं म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांचं घर, घरातच खड्ड्याचा माग, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे.

आधी क्राफ्टचं सांगते कारण लोकांना तो शब्द कमीपणाचा वाटतो. आमचे आबा घोंगडी विणायचे. लोकर दख्खनी मेंढीची, काळी, आई चरख्यावर सूत काढायची, मग दोघं मिळून उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावून पाजण करायचे, कारण हाताने कातलेली लोकर केसाळ असते, खळ नसेल तर फणीत घासून धागे पटापट तुटतात. खळ पातळ झाली तर उपयोग नाही, घट्ट झाली तर धागे एकमेकांना चिकटून बसतात, आणि नेमकी किती शिजवायची हे आई नुसत्या वासावरून ओळखायची. एवढं सगळं करून घोंगडी उतरली की मेंढरंवाला यायचा, दोन्ही हातांनी उन्हाकडे धरून बघायचा आणि एखाद्या जागी बोट ठेवून म्हणायचा, "हितं सैल हाय, पाणी उतरंल." आबा गप ऐकून घ्यायचे, कारण पावसात तिची खोळ करून, डोक्यावरून घेऊन मेंढरांमागं उभा राहणार तो होता. माझ्या मते क्राफ्ट म्हणजे हे, तुमची चूक दुसऱ्याला बोट ठेवून दाखवता येते, कारण त्या वस्तूने काय काम करायचंय ते दोघांनाही पक्कं माहीत असतं.

आणि आर्ट पण मी त्याच मागावर बघितलं. एकदा आबांना तांबूस लोकर मिळाली, अगदी थोडी, एक पट्टा होईल एवढीच. नेहमीसारखी काठाला टाकली असती तर तासाभराचं काम. पण ते थांबले. दोन दिवस माग बंद, खड्ड्यात पाय सोडून बसायचे, बघायचे, उठायचे. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाले, अजून कळंना कुठं घालायची. शेवटी काठ सोडून बरीच आत, एका बाजूला घातली. मेंढरंवाल्याला त्याने काडीचा फरक पडणार नव्हता, पट्टा कुठेही असता तरी पाणी तेवढंच अडलं असतं. ती जागा चुकली की बरोबर आली हे फक्त आबांनाच कळणार होतं. आणि ऑर्डर उशिरा गेली म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

म्हणून मला वस्तूवर शिक्का मारणं पटत नाही, एकाच घोंगडीत दोन्ही असतं. शिल्पकार मृणालिनी मुखर्जींचं काम बघा, फोटो सहज मिळतील. जन्म मुंबईचा, १९४९ चा, शिक्षण बडोद्याला. तागाच्या जाड दोऱ्यांना हाताने गाठी मारून माणसाहून उंच मूर्ती केल्या, आधी स्केच पण काढायच्या नाहीत. आपल्याकडे शिंकं करताना, मॅक्रमे करताना आपण गाठीच मारतो ना, तसंच ते. त्यांनाही कित्येक वर्षं हे हस्तकलेत मोडतं असं ऐकावं लागलं, आणि २०१९ ला न्यूयॉर्कला मोठं प्रदर्शन झालं तेव्हा त्या जाऊन चार वर्षं झाली होती. ते वाचलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं. आपल्या जुन्या ६४ कलांच्या यादीत तर गाणं, नाच, चित्रकला यांच्याच ओळीत शिवण-विणकाम आहे, सूचीवानकर्म म्हणून.

मग ही वाटणी कुठून येते? माझ्या मते बरीचशी नावातून आणि पैशातून. शाळेची सहल औंधच्या म्युझियमला गेली होती, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, १९३८ ला उभं केलेलं, तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि कुणाचं चित्र ते आपल्याला माहीत असतं. घरी आल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं की आबांच्या एकाही घोंगडीवर त्यांचं नाव नाही. क्रोशेचंही तेच, बाजारातला स्वस्तातला क्रोशे टॉपसुद्धा कुणीतरी हातानेच केलेला असतो, स्वेटरसारखं ते मशीनवर निघत नाही, पण ते हात कुणाचे हे लेबलवर नसतं. मी स्वतः एका प्रदर्शनाला दख्खनी लोकरीचं काम पाठवलं होतं, उत्तर आलं की हे आत बसत नाही, बाहेर हस्तकलेचा स्टॉल भाड्याने घ्या. काम तेच, आत असतं तर कला आणि बाहेर असलं की विक्रीचा माल.

तर आर्टिस्ट म्हणवून घ्यायचं का, याला मी एवढंच म्हणेन की मैत्रिणीशी त्यावरून भांडू नका. नाव मात्र लावा, मागच्या बाजूला लोकरीनेच टाकून घ्या, आणि किंमत सांगताना नुसत्या लोकरीची सांगू नका, तासांची पण धरा, कुणी "एवढी?" म्हटलं तरी.

त्या वॉल हँगिंगचा मागच्या बाजूचा फोटो टाका. टाके कुठे सैल पडलेत, काठ कुठे ओढला गेलाय ते मी नक्की सांगेन, ते मला दिसतं. तो निळा पट्टा मधे ठेवू की खाली, असं जे शेवटी विचारलंय ते मात्र मला विचारू नका, दोन दिवस भिंतीला लावून ठेवा आणि बघत बसा.