माणसं नकोशी वाटणं ही पात्रता नव्हे

प्रश्न: मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंगळमोहिमेची तालीम म्हणून स्वयंसेवकांना वर्ष-वर्ष बंद जागेत ठेवतात, त्याला त्यातच करिअर करायचंय. 'मला माणसं लागत नाहीत, सहज जमेल,' म्हणतो. कॉलेज सोडायची भाषा चालू आहे. काय करावं? – एक पालक

उत्तर: आधी 'माणसं लागत नाहीत' याबद्दल बोलू, कारण घोळ तिथेच आहे. या प्रयोगांत कुणी एकटं नसतंच. तुटतं ते बाहेरचं जग. आतली माणसं मात्र चोवीस तास समोर असतात. ह्यूस्टनला नासाच्या 'चॅपिया' प्रयोगात जून 2023 पासून चौघं जण 378 दिवस सुमारे 1700 चौरस फुटांच्या घरात राहिले. मंगळाचं अंतर धरून निरोप मुद्दाम उशिरा पोचवले जात. म्हणजे कुणाशी वाजलं तर फोन करून मन मोकळं करायची सोय नाही, आणि ज्याच्याशी वाजलं त्याच्यासोबतच जेवायचं.

मॉस्कोतला 'मार्स-500' त्याला नीट वाचायला सांगा. जून 2010 ते नोव्हेंबर 2011, सहा पुरुष, 520 दिवस. सगळ्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारी उपकरणं होती. मोहीम पुढे सरकली तशी हालचाल कमी होत गेली, पडून राहणं वाढलं. एकाच्या शरीराचं घड्याळ तर जवळजवळ पंचवीस तासांवर गेलं. रोज तासभर मागे पडत तो इतरांच्या दिवसातून निसटत गेला. बाकीचे झोपलेले असताना हा जागा, ते कामाला लागले की हा झोपेत. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही, तरी माणूस गटातून बाजूला पडतो. निवड करणारे नेमकं हेच टाळू बघतात. त्यांना घुमा माणूस नको असतो आणि सतत बडबडणाराही नको असतो. आठव्या महिन्यातही ज्याच्यासोबत भांडी घासायला कुणाची ना नसेल, असा हवा असतो.

आता पोटापाण्याचं. स्वयंसेवक होणं ही नोकरी नाही. मानधन काही ठिकाणी मिळतं, पण तिथे तुम्ही संशोधक नसता, ज्याच्यावर संशोधन चालतं तो असता. शिवाय 'चॅपिया'साठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य, वय 30 ते 55 आणि विज्ञान-तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी किंवा त्या तोडीचा अनुभव अशा अटी होत्या. त्यामुळे कॉलेज सोडून या दारातून आत जाता येईल, हे डोक्यातून काढायला सांगा. अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातल्या केंद्रावर विद्यार्थ्यांचे गटही जातात, साधारण दोन आठवडे, पण बहुतेकदा खर्च आपला. अनुभव म्हणून छान. फक्त 'अ‍ॅनालॉग अंतराळवीर' (पृथ्वीवरच अशी तालीम करणारा) या बिरुदाला सरकारी परवाना वगैरे नसतो, तेव्हा पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून जरा जपून.

खरं काम काचेच्या पलीकडे, म्हणजे हे प्रयोग उभे करणाऱ्यांच्या बाजूला आहे. हवा-पाणी पुन्हा वापरात आणणाऱ्या यंत्रणा, स्पेससूट, घराची रचना ही सगळी तुमच्या मुलाच्याच शाखेची कामं. त्याला माणसांच्या वागण्यात रस असेल, तर पदवीनंतर ह्यूमन फॅक्टर्स, म्हणजे माणूस आणि यंत्रणा यांचं जुळवून आणण्याचा विषय घेता येईल; नियंत्रण कक्षापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत त्याचा उपयोग होतो. डॉक्टरांसाठी वेगळी वाट आहे: अंटार्क्टिकातल्या कॉनकॉर्डिया तळावर युरोपियन अंतराळ संस्था हिवाळ्याच्या मुक्कामासाठी संशोधक डॉक्टर पाठवते. तिथला एकांत मात्र नकली नाही, कारण कित्येक महिने विमानच येऊ शकत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण धास्ती असणारच. अशा प्रयोगांतून स्वयंसेवकाला कधीही बाहेर पडता येतं. हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवरची अशीच 2018 ची मोहीम तर एकाला विजेचा धक्का बसल्यावर काही दिवसांतच थांबवली होती.

त्याला 'नाही' म्हणू नका. पुढच्या सुट्टीत चार-पाच अनोळखी मुलांसोबत महिनाभर एखाद्या प्रकल्पावर राहू द्या, मोबाइल शक्यतो बाजूला ठेवून. आल्यावर 'तू कसा राहिलास' हे विचारू नका. ते त्या बाकीच्या मुलांना विचारा. मग त्याला घेऊन माझ्याकडे या, कोणता विषय घ्यायचा ते बोलू.