घोंगडं विकलं, म्हणजे मी फसलो का?

“मॅडम, आपण माणूस सावरतोय की दारूच्या दुकानाला गिऱ्हाईक पुरवतोय?” मी समुपदेशक. रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी धडपडणारे बरेच जण माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येतात. चर्चमधून या कामात आलेल्यांच्या प्रश्नाला एक जादा काटा असतो: हात आखडता घेतला तर देवाला काय सांगू?

मनोहर (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत) बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. शनिवारी रात्री त्यांच्या चर्चची सात-आठ माणसं स्टेशनपासून बसस्टँडपर्यंत चपाती-भाजी आणि चहा वाटत जायची. कुणी म्हटलं तर प्रार्थना, नाहीतर नुसतं शेजारी बसायचं. थंडीत घोंगडी. तिथंच खानापूरकडचा पन्नाशीतला एकजण भेटला. सगळे त्याला आप्पा म्हणत. मनोहरनं त्याला आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला आणि मग रात्री दोनलाही कुणाच्या तरी फोनवरून हाक येऊ लागली. शंभर दे, दोनशे दे. नवं घोंगडं तिसऱ्या दिवशी पन्नास रुपयांना गेलं. बायको बोलायची बंद झाली, मनोहरची झोप उडाली.

पहिल्याच भेटीत मी घाई केली. “मर्यादा घाला,” म्हटलं आणि कशी घालायची ते बोललेच नाही. मनोहरनं त्याची अट केली: पिणं सोडलंस तरच जेवण. आप्पाही हट्टाला पेटला आणि त्यानं एकदम सोडली. तिसऱ्या रात्री चहावाल्याचा फोन आला. आप्पा घामानं निथळत होता, अंगावर नसलेले किडे वेचत होता.

हे मला आधी सांगता आलं असतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं दारू अचानक तोडली तर सहा-आठ तासांतच हात कापायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन. भुकेल्याच्या ताटावर ती अट ठेवायची नसते. मी पुढच्या भेटीत मनोहरची माफी मागितली. त्यानं ती फारशी मनावर घेतली नाही, त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं.

108 बोलावून त्यानं आप्पाला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. नर्स कानडीत विचारत होती, आप्पा मराठीत बरळत होता, मध्ये हा दुभाषी. फॉर्म कानडी. त्यात ‘संबंध’ असा रकाना होता. हा शब्द दोन्ही भाषांत एकच. मनोहरनं तिथं ‘मुलगा’ लिहिलं.

“का लिहिलं, माहीत नाही. हात चालला तसं लिहिलं की.”

मग बराच वेळ तो टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. वडील प्यायचे. मनोहर सतरा वर्षांचा असताना एका रात्री आईच्या सांगण्यावरून त्यानं आतून कडी लावली. वडील थोडा वेळ दार वाजवत राहिले, मग वाजवायचे थांबले. सकाळी ते कट्ट्यावर होते, गार पडलेले.

रात्री दोनचा फोन तो का उचलत होता, ते मला त्या दिवशी कळलं. पैशाचा हिशेब मिटवून हा प्रश्न सुटणार नव्हता. पुढच्या चार भेटी आम्ही आप्पाचं नावही काढलं नाही, त्या कडीवरच बोललो.

मी ख्रिस्ती नाही, पण लुटारूंनी जखमी केलेल्या परक्याला वाटेत सावरणाऱ्या चांगल्या शोमरोनीची बायबलमधली गोष्ट मला ठाऊक होती. मी विचारलं, “तो त्या जखमी माणसापाशी किती दिवस राहिला?” मनोहरनं मोबाइलवर लूकचा दहावा अध्याय उघडून वाचला. एक रात्र. सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. “हे मी संडे स्कूलला शिकवलंय,” मनोहर हसून म्हणाला.

आता त्यांच्या गटाचा एकच नंबर आहे, तो आठवड्याला हात बदलतो. रोख पैसे कुणी देत नाही. जेवणाला मात्र अट नाही, प्यालेल्यालाही मिळतं. व्यसनासाठी धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेची वाट त्यांनी शोधून ठेवलीय. बोलायला कुणी हवं असेल तर 14416, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन. रस्त्यावर भरकटलेला, मनानं आजारी माणूस दिसला तर पोलिसांकडे जातात; स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवणं हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ठाण्याचंच काम ठरवलंय. पहिल्यांदा गेले तेव्हा कलम 100 चा कागद सोबत ठेवावा लागला, हेही खरं.

आप्पा धारवाडला जाऊन आला. सहा आठवडे टिकला, मग पुन्हा सुरू.

मागच्या महिन्यात मनोहर आला तो सांगतच आत शिरला, “घोंगडं परत विकलं, मॅडम. या वेळी ऐंशीला.”

“मग?”

“दुसरं दिलं. जुनं, ठिगळाचं. ते कोण घेतंय?” आणि खुर्ची ओढून बसत म्हणाला, “काल रात्री फोन आला होता म्हणे. या आठवड्यात पाळी दुसऱ्याची आहे, मला सकाळी कळलं.”