रेन ट्रीत बसून चिविट कोण करतंय?

हिवाळ्यात मुंबईत येणाऱ्या छोट्या पक्ष्यांवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि खूप आले. मनापासून आभार. सगळे घेता आले नाहीत, पण जे परत परत विचारले गेले ते इथे घेतलेत.

प्रश्न: ताई, रिटायर झाल्यापासून नऊ वर्षं रोज सकाळी शिवाजी पार्कात चालतोय. दरवर्षी गणपती गेले की वर झाडांतून चिविट, चिविट असा बारीक आवाज सुरू होतो आणि होळीनंतर कधीतरी बंद पडतो. मान दुखेपर्यंत वर बघतो पण पक्षी दिसत नाही. कोण आहे हा? (एक वाचक, दादर)

उत्तर: काका, आवाज कधी सुरू होतो, कधी थांबतो हे तुम्ही नऊ वर्षं लक्षात ठेवलंत, ओळख तिथेच पटली. हा ग्रीनिश वार्ब्लर, आपण ज्यांना पर्ण वटवट्या म्हणतो त्यातला एक. चिमणीपेक्षा लहान, वरून हिरवट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर नीट बघितली तरच दिसेल अशी एक बारीक रेघ. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, म्हणजे चहात घालतो ती दोन छोटे चमचे साखर. आणि हा एवढासा जीव उन्हाळ्यात हिमालयात, मध्य आशियात, रशियात, पार बाल्टिक समुद्राजवळच्या जंगलांत घरटं करतो आणि थंडी काढायला आपल्याकडे येतो. मला पक्षी बघायला लागून इतकी वर्षं झाली तरी सप्टेंबरात पहिला चिविट ऐकला की मी रस्त्यात थांबते, अगदी ट्रेन सुटत असली तरी.

प्रवास बहुतेक रात्रीचा असतो. रात्री हवा गार आणि शांत असते, ससाणे-शिक्रे झोपलेले असतात, आणि दिवसा खाली उतरून किडे खाऊन पुढच्या टप्प्यासाठी अंगावर चरबी चढवता येते. रस्ता कळतो तो मावळत्या सूर्यावरून, ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती पुढची गोष्ट. थंडीत हे पक्षी इथे नुसते राहत नाहीत, प्रत्येकजण आपली थोडी झाडं धरून ठेवतो आणि तो चिविट म्हणजे शेजाऱ्याला सांगणं असतं की हा भाग माझा, तू तिकडे. आणि पुढच्या वर्षी जिवंत राहिला तर पुष्कळदा परत त्याच जागी येतो. म्हणजे काका, तुम्ही गेल्या वर्षी ज्याला ऐकलंत तोच यंदाही त्याच रेन ट्रीत असू शकतो, तुम्ही दोघं एकाच बाकाजवळचे.

आता दिसायचं कसं, तर झाडाच्या बुंध्याशी उभं राहून सरळ वर बघू नका, पंधरा-वीस पावलं मागे जा आणि झाडाची कड बघा. पक्षी शोधू नका, वारा नसताना हलणारं पान शोधा, कारण हा सतत पानाखालचे किडे टिपत फिरत असतो. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेतलीत तर उत्तम, त्यापेक्षा जास्त मोठं करणारी घेऊ नका, हात हलतो आणि चित्रही हलतं.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, पैसे साठवून सेकंडहँड डीएसएलआर आणि ७०-३०० झूम लेन्स घेतली. संजय गांधी नॅशनल पार्कात तीन रविवार गेलो, सगळे फोटो एकतर हललेले नाहीतर पक्षी काळा आणि मागे आकाश पांढरं. काही जण मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावतात, मी पण करू का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नको, अजिबात नको. वर काकांना सांगितलं तेच इथे लागू आहे, पक्ष्याला वाटतं त्याच्या जागेत कोणी घुसलंय, म्हणून तो धावून येतो, खाणं सोडून येतो, पुन्हा पुन्हा येतो, आणि शत्रू तर कुठे दिसतच नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, भूक भागवायला धडपडणाऱ्या जिवाकडून एका फोटोसाठी ही दमछाक करून घ्यायची नाही. मी एका बागेत एकाच लिटकुरीभोवती, म्हणजे हवेत माशा पकडणाऱ्या छोट्या फ्लायकॅचरभोवती, पाच-सहा जणांना स्पीकर लावून उभं बघितलंय, सांगायला गेले तर माझ्यावरच आवाज चढवला. ती लिटकुरी दोन दिवसांनी तिथे नव्हती. मला अजून वाईट वाटतं.

आता कॅमेरा. लेन्स ठीक आहे, काळजी नको. शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास ठेव, अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, लेन्स देईल तेवढं मोठं, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर, ३२०० पर्यंत जाऊ दे, फोटोत थोडे दाणे आलेले चालतात, हललेला डोळा चालत नाही. फोकस पॉइंट एकच ठेव आणि तो डोळ्यावर. पाठीमागे आकाश असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, वाढव, त्यानेच तुझा पक्षी काळा येणं थांबेल, पण खरा उपाय म्हणजे तू जागा बदल, सूर्य तुझ्या पाठीशी आणि पक्ष्यामागे झाडी येईल असा उभा राहा. सकाळी उघडल्या-उघडल्या आत जा, दहानंतर ऑक्टोबरचं ऊन सगळा रंग खातं.

आणि सुरुवात वार्ब्लरने करू नकोस, तो एका जागी बसतच नाही. फ्लायकॅचर धर, म्हणजे लिटकुरी. रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर मिळेल, शेपटी उचलून झटका देते, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरं दिसतं, मोठ्या नराचा गळा केशरी असतो आणि ट्रर्र् असा सुकं लाकूड घासल्यासारखा आवाज. पूर्व युरोपाकडून येते. नॅशनल पार्कात नशीब असेल तर निळाशार व्हर्डिटर फ्लायकॅचर पण दिसेल, तो हिमालयातून उतरतो. हे पक्षी एका काडीवरून उडतात, हवेत माशी पकडतात आणि खूप वेळा त्याच किंवा शेजारच्या काडीवर परत येतात, म्हणून पक्ष्याच्या मागे धावायचं नाही, काडी हेरायची, थोडं लांब खाली बसायचं, कॅमेरा त्या काडीवर लावून ठेवायचा आणि हलायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा न उचलता नुसतं बघ, तो कुठून कुठे जातो ते कळलं की फोटो आपोआप जमतात. असं मला कोणी सांगितलं नव्हतं, दोन सीझन वाया गेले माझे.

प्रश्न: आमच्या बाराव्या मजल्याच्या गॅलरीत सकाळी एक पक्षी बसलेला सापडला, पाठ हिरवी, पोटाखाली लाल, पंखावर निळं, शेपूट अगदीच आखूड. सुनेने चमच्याने पाणी पाजलं, पण थोड्या वेळाने गेला बिचारा. आमचं काही चुकलं का? (एक आजी, मुलुंड)

उत्तर: आजी, तुम्ही मायेनेच केलंत, मनाला लावून घेऊ नका. तो नवरंग. हाही रात्रीचा प्रवासी. दक्षिणेत आणि श्रीलंकेत हिवाळा काढून पावसाच्या तोंडावर वर सरकतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत खाली जातो. शहरातले दिवे आणि काचा बघून गोंधळतो, आपटतो, थकून मिळेल तिथे उतरतो.

पुन्हा असं झालं तर चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, खाली सुती कापड, त्यात ठेवून झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी, मुलांना आणि मांजराला लांब ठेवा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, तिथे फोन करा. नुसता धक्का बसलेला असेल तर तासा-दोन तासांत तरतरीत होतो, मग झाडं जवळ असतील तिथे नेऊन खोकं उघडायचं. आणि ऑक्टोबरात रात्री गॅलरीतला मोठा दिवा बंद ठेवता आला तर बघा.

प्रश्न: मुलांना घेऊन कुठे जाऊ? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर: तुम्हाला सायन-धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान सगळ्यात सोयीचं. तिथे पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग होतं, आता दाट झाडी आहे, ते मुलांना नक्की सांगा. भायखळ्याची राणीबागही छान, जुनी झाडं आहेत, फक्त बुधवारी बंद असते आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. मोठा कॅमेरा नेणार असाल तर त्याचे वेगळे पैसे लागतात का ते गेटवर विचारा.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला मागे झुडपं आहेत, सेक्रेटरी म्हणतात डास होतात, सगळं साफ करून टाइल्स बसवू आणि औषध मारू. तिथे थंडीत टक्-टक् करणारा एक पक्षी असतो. मीटिंगमध्ये काय सांगू? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर: टक्-टक्, म्हणजे दोन खडे एकमेकांवर हलके आपटल्यासारखा ना? मग तो बहुतेक ब्लिथ्स रीड वार्ब्लर, अंगाने साधा मातकट, झुडपाच्या आत आत राहणारा, फिनलंडपासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यातून येतो. झुडूप गेलं की त्याची जागाच गेली. डास साचलेल्या पाण्यात होतात, झुडपाच्या पानांत नाही, म्हणून कुंड्यांखालच्या थाळ्या, टाकीचं झाकण, टेरेसवरचे टायर हे आधी बघायला सांगा. आणि औषध मारलं की किडे जातात, मग हा खाणार काय?

छाटायचंच असेल तर निम्मं यंदा, निम्मं पुढच्या वर्षी, आणि तेही एप्रिल संपता संपता, तोवर तो परत निघालेला असतो. छाटणीआधी एकदा आत वाकून बघा मात्र, तेव्हा बुलबुलाचं किंवा शिंजीरचं घरटं असू शकतं. आणि मीटिंगच्या आधी सेक्रेटरींना एका सकाळी सात वाजता त्या झुडपापाशी घेऊन जा, चहा हातात द्या आणि टक्-टक् ऐकू येईपर्यंत त्यांच्याशी काही बोलू नका.