रात्री दोनची पाळी आणि तिसरे प्रकरण

पत्र: ताई, सादर नमस्कार. मी २९ वर्षांची असून मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात चार वर्षांपासून कनिष्ठ अभियंता आहे. स्थापत्य शाखेची पदवी असूनही मला पाणीपट्टी वसुलीच्या टेबलावर बसवले आहे. ‘साइट आणि रात्रपाळी हे लेडीजचे काम नव्हे,’ असे साहेब म्हणतात. लहानपणापासून मला रहस्यकथांचे वेड आहे आणि गेले वर्षभर मी स्वतः एक कादंबरी लिहीत आहे. तिच्या तिसऱ्या प्रकरणात जलशुद्धीकरण केंद्रातील महिला केमिस्टचे प्रेत फिल्टर बेडमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या वाळूच्या हौदात, सापडते आणि पोलीस ‘बुडून मृत्यू’ अशी नोंद करतात. ती वही पतीच्या हाती लागली. ‘असले काळेकुट्ट विचार बाईच्या डोक्यात येतातच कसे?’ असे त्यांनी विचारले, आणि सासूबाई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतेच बोलतात. माझ्यात खरोखरच काही बिघडले आहे का? लेखन थांबवावे की कार्यालयात भांडावे?

उत्तर: तुमच्यात काहीही बिघडलेले नाही, हे सर्वांत आधी सांगते. खुनाची गोष्ट आवडणाऱ्या माणसाला खून आवडतो असे नसते. झालेला अन्याय कुणाच्या तरी नावावर लागावा, पुरावा दडपला तरी कुणीतरी रात्र जागून तो शोधून काढावा, ही त्या वाचकाची ओढ असते. ज्या कचेरीत फुटलेल्या पाइपलाइनपासून बुडालेल्या वसुलीपर्यंत कशालाच कुणी जबाबदार नसते, तिथे दिवसभर बसणाऱ्या व्यक्तीला ही ओढ अधिक वाटली, तर त्यात नवल नाही.

मी स्वतः २२ वर्षे एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे तुमच्या साहेबांचे वाक्य मला नवे नाही. त्या वाक्यातील एक गोष्ट मात्र मला आजही अस्वस्थ करते. तुमच्यासारख्या कित्येक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागाची पाळी असते तिथे ते रात्री एकला, दोनला सुटते आणि त्या वेळी घराघरांतून उठून पिंपे, हंडे, बादल्या कोण भरते, हे साहेबांनाही ठाऊक असणार. पाणी भरण्यासाठी शहरातल्या बायांनी रात्री दोनला जागे असावे याला कुणाची हरकत नाही. तेच पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी एक शिकलेली अभियंता उभी राहणार म्हटले की रात्र एकाएकी धोक्याची होते.

हे तुमच्या एकटीच्या वाट्याला आलेले नाही. जागतिक बँकेने २०१९ मध्ये २८ देशांतील ६४ पाणीपुरवठा व मलनिस्सारण संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांत स्त्रिया सरासरी १८ टक्केच आढळल्या. आपल्याकडे त्याच वर्षी सुरू झालेल्या जल जीवन मिशनने गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे, असे ठरवले. ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही योजनेचा आराखडा, पंपांची निवड आणि ठेकेदाराचे बिल ज्या टेबलांवरून जाते, तिथे बसलेली स्त्री मला माझ्या नोकरीत क्वचितच दिसली.

म्हणून भांडण नको, अर्ज करा. साइटवरील कामाची मागणी लेखी द्या, तिची पोच घ्या आणि अर्जात ‘मला संधी द्यावी’ असे मोघम लिहू नका. गळतीशोधाचे एक क्षेत्र ठराविक मुदतीसाठी माझ्याकडे द्यावे, असे नेमके मागा. त्याच अर्जात रात्रीसाठी वाहन, सोबत एक व्हॉल्व्हमन, केंद्रावर पुरेसा उजेड आणि स्वतंत्र स्वच्छतागृह यांचीही मागणी करा, कारण ‘सुरक्षितता नाही’ हे कारण पुढे करणाऱ्यानेच ती निर्माण करायची असते. गळतीचे काम मी मुद्दाम सुचवते आहे. एका रात्री आमच्या जुन्या व्हॉल्व्हमनने लोखंडी गज व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर टेकवला आणि वरचे टोक मला कानाला लावायला सांगितले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि त्या गजातून एक बारीक, अखंड सूं असा आवाज येत होता. पुढच्या दोन चेंबरांवर तो वाढत गेला, तिसऱ्यावर मंदावला. सकाळी मधल्या भागात खोदले तेव्हा सांध्यातून पाणी उसळत होते. तुमच्या कादंबरीतील इन्स्पेक्टर याहून वेगळे काय करतो?

आता कादंबरीकडे येते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल माझी तक्रार आहे, मात्र ती तुमच्या पतींची तक्रार नव्हे. नदीच्या कच्च्या पाण्यात डायटम नावाचे अतिसूक्ष्म शेवाळ असते. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेसारखे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते कोरीव नक्षीच्या डबीसारखे दिसते. तेच वाढले की फिल्टर बेड तुंबतो आणि वारंवार बॅकवॉश घ्यावा, म्हणजे पाणी उलट सोडून तो धुवावा लागतो. जिवंत माणूस पाण्यात बुडताना ते पाणी फुफ्फुसात ओढले जाते, तिथून डायटम रक्तात शिरतात आणि हाडांच्या मगजापर्यंत पोहोचतात. मृत्यूनंतर पाण्यात टाकलेल्या देहात रक्ताभिसरण थांबलेले असल्यामुळे ते सहसा तिथवर जात नाहीत. न्यायवैद्यक तज्ज्ञांत या चाचणीविषयी मतभेद आहेत, पण तुमच्या दृष्टीने ते सोयीचेच आहे, कारण तुमच्या कादंबरीतल्या न्यायालयात त्यावरून उलटतपासणी रंगू शकते. फिल्टर बेडवर येणारे पाणी तुरटी टाकून, गाळ बसवून आलेले असते. त्यात नदीच्या मानाने डायटम फारच थोडे उरतात. हाडांच्या मगजात नदीच्या पाण्यातले डायटम भरपूर सापडले, तर मृत्यू केंद्रात झाला नाही, जॅकवेलपाशी, म्हणजे नदीचे पाणी उचलणाऱ्या विहिरीपाशी झाला, असा संशय घेता येतो. हे कुणाला कळेल? जिने रोजच्या रोज कच्च्या पाण्याचे नमुने तपासून रजिस्टरात नोंदी ठेवल्या आहेत, तिला.

आणि नेमक्या तिलाच तुम्ही मारून टाकले आहे. अंधाऱ्या रहस्यकथांत पहिल्या काही पानांत सापडणारे प्रेत बहुधा बाईचेच असते; आपण ते इतक्यांदा वाचलेले असते की लिहिताना हात आपोआप तिकडे वळतो. पाण्याच्या कामात बाईची जागा हंड्यापाशी आणि रहस्यकथेत प्रेताच्या ठिकाणी, या दोन्ही जागा दुसऱ्यांनी नेमून दिलेल्या आहेत. तुम्ही कार्यालयात त्यातली एक नाकारता आहात, मग वहीत दुसरी का स्वीकारता? केमिस्ट जिवंत ठेवा. प्रेत ठेकेदाराचे असो वा आणखी कुणाचे, गोष्टीतला काळोख जराही कमी करू नका. फक्त रजिस्टर तिच्या हाती असू द्या. मात्र तुमच्या केंद्राची खरी रचना आणि खऱ्या माणसांच्या खुणा बदला आणि प्रकाशनापूर्वी सेवेचे वर्तणूक नियम वाचून कार्यालयाला लेखी कळवा.

राहिले घर. पतींना धक्का बसला तो वहीतला मजकूर एकदम, मध्येच उघडून वाचल्यामुळे, असे मला वाटते. त्यांनी ‘येतातच कसे’ असे विचारले आहे, तर त्याचे उत्तर त्यांना मिळायला हवे. सासूबाईंना तूर्त काही पटवून देऊ नका, त्या बोलू लागतील. तुमच्या भागाची पाण्याची पाळी पुढच्या वेळी रात्री आली की एकटीने उठू नका, पतींनाही उठवा. पिंप भरायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात नळापाशी बसून त्यांना नव्याने लिहिलेले तिसरे प्रकरण वाचून दाखवा.