ब्रश कटर गरम झाल्यावर बंद पडतो? ब्लॉक-पिस्टन घेण्याआधी हे पाहा

भाऊ, काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतला तुमचा टू-स्ट्रोक ब्रश कटर सकाळी लगेच सुरू होतो, अर्ध्या तासानं बंद पडतो आणि थंड झाल्याशिवाय परत सुरू होत नाही. दुकानदार म्हणतो, ब्लॉक-पिस्टनचा किट, म्हणजे नवा सिलिंडर आणि पिस्टन, टाका. माझं म्हणणं, पैसे आताच देऊ नका. किट लागेलही कदाचित, पण पिस्टन कशानं खराब झाला हे न शोधता नवा टाकला, तर तोही तसाच जाईल.

मशीन बंद पडली की गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहा. प्लग त्याच्या छिद्रापासून लांब, इंजिनच्या धातूला टेकवून धरा. तिथं पेट्रोलची वाफ असते. थंड असताना ठिणगी येते आणि गरम झाल्यावर गायब होते, तर ठिणगी तयार करणारी कॉइल गेली. ठिणगी चांगली असेल तर टाकीचं झाकण जरा सैल करून सुरू करून पाहा. त्यानं चालली तर टाकीत हवा जायचं छिद्र बुजलंय.

दोन्ही ठीक निघालं, तर सायलेन्सर उतरवा. बहुतेक दोन बोल्ट असतात. एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन सरळ दिसतो. दोरी हळू ओढत त्याची बाजू बॅटरीच्या उजेडात पाहा. गुळगुळीत असेल तर किटची घाई नाही. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील, तर ऑइल कमी पडलं किंवा मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली. कार्बोरेटर उतरवून दुसऱ्या बाजूला बघितल्यावर राखाडी, घासलेला पट्टा दिसला, तर फिल्टरमधून धूळ आत जातेय. उन्हाळ्यात बागेत ती काय कमी असते!

हवा जास्त होण्याची कारणं बहुतेक वेळा स्वस्तातली असतात. कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक झालेला, पेट्रोलची नळी चिरलेली, नाहीतर क्रँकचं ऑइल सील (दांड्याभोवतीची रबरी कडी) गळतंय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलं की ते पाणी ओढतं, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन खाली येत नसेल, रेस चढूनच राहत असेल, तर सीलवर संशय घ्या. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडं रबरानं बंद करून हातपंपानं साधारण ०.५ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. जिथं बुडबुडे येतील, तिथली गळती आधी बंद करा.

आता समजा रिंग-पिस्टन बदलायचेच आहेत. प्लेटिंगचा, म्हणजे आतून कडक धातूचा पातळ थर दिलेला ब्लॉक एमरी पेपरनं घासू नका. प्लेटिंग निघालं की ब्लॉक गेला. जुनी रिंग ब्लॉकमध्ये पिस्टननं सरळ ढकलून टोकांमधली फट फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ती कंपनीनं दिलेल्या मर्यादेच्या पुढे असेल, तर रिंग बदलायला झालीच. नवीन बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा. रिंगची टोकं खाचेतल्या पिनवरच यायला हवीत. पिस्टनला रॉडशी जोडणारी जाड पिन वेगळी, तिचे लॉक नवेच घाला, जुने परत वापरू नका. ऑइल लावून ब्लॉक सरळ खाली घ्या. गोल फिरवलात तर रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. हे मी फार वेळा पाहिलंय.

मग मशीनच्या कागदांत जे प्रमाण दिलंय तेच पाळा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. ऑइल टू-स्ट्रोकचंच हवं. "अंदाजे झाकणभर" नको, मापानं घाला. पहिली टाकी हळू चालवा, मध्ये मध्ये थंड होऊ द्या.

सायलेन्सर काढून पिस्टनच्या बाजूचा फोटो टाका. त्यावरून किट घ्यायचा की नुसती रिंग, ते सांगतो.